पहिली मोटार, मागे शिडाची होडी

कापड घेताना आम्ही आधी पन्हा पाहतो, मग भाव विचारतो. इंग्लंडात शिकणाऱ्या आमच्या भाच्याने शिडाची होडी ट्रेलरवर ओढण्यासाठी जुनी, स्वस्त मोटार हेरली, तेव्हा त्यालाही हेच सांगितले. एकट्याने चालवायची ‘लेझर’ होडी जेमतेम 59 किलोची, ओझे किरकोळ. पण मोटारीच्या पाटीवर मोटार व ट्रेलर मिळून किती वजन चालेल ते छापलेले नसेल, तर तिने काहीही ओढू नये. बिनब्रेकच्या ट्रेलरला तिथे मर्यादा 750 किलो किंवा रिकाम्या मोटारीच्या निम्मे वजन, यांपैकी कमी असेल ती. भाच्याने पाटी वाचली; तो आकडाच नव्हता. बयाणा वाचला. वाचकहो, आधी पाटी, मग भाव!