बोकड कोणता राखायचा?

धाराशिवच्या माळरानावर चरणारी उस्मानाबादी शेळी बहुधा काळीभोर, लोंबत्या कानांची आणि जुळी करडं देणारी. पिढ्यानपिढ्या ती अशीच दिसते, म्हणून ही जात आपोआप टिकेल असं वाटतं. १९०८ मध्ये केंब्रिजचे गणिती हार्डी आणि स्टुटगार्टचे डॉक्टर वाइनबर्ग यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं, की पिढी बदलली तरी जनुकांचं प्रमाण बदलत नाही. पण या समतोलाला अटी आहेत: कळप अफाट मोठा हवा, नर-मादीच्या जोड्या निवड न होता जुळाव्यात, प्रत्येकाला वंश वाढवण्याची सारखीच संधी असावी, नवं उत्परिवर्तन घडू नये आणि बाहेरचं जनावर मिसळू नये.

शेळीपालकाच्या दावणीला यातली जवळपास प्रत्येक अट मोडते. घरोघरी चार-पाच शेळ्या, पण पैदाशीचे बोकड गावात मोजकेच. म्हणजे पुढच्या पिढीची निम्मी जनुकं त्या मोजक्या नरांची. अंगानं भरलेला बोकड बकरी ईदच्या बाजारात चांगला भाव घेतो आणि वंश न वाढवताच जातो. मागे राहिलेला किरकोळ बोकड शेळ्या गाभण करतो. ही निवडच आहे, फक्त उलट्या दिशेची. पुढे त्याच्याच पाटी त्याच्याकडून फळल्या, की दडलेले दोष वर येतात. कुणी सिरोही किंवा बोअर बोकड आणला, तर परकी जनुकं मिसळतात.

सदोष करडू काढून टाकलं की दोष संपतो, असं कुणी म्हणेल. पण दोष अप्रभावी असेल आणि समतोलातल्या शंभरांत एकाच करडात दिसत असेल, तर आणखी अठरा करडं तो न दाखवता वाहत असतात. उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात, हा दुसरा आक्षेप. नव्या प्रजाती घडायला काळ लागतो हे खरं. पण जनुकांचं प्रमाण बदलणं हीच उत्क्रांतीची पायरी, आणि शेळीची पिढी दीड-दोन वर्षांत बदलते. डार्विननेही १८५९ च्या ग्रंथाची सुरुवात पाळीव प्राण्यांपासूनच केली होती.

अडीनडीला चांगला बोकड विकावाच लागतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणून हा भार एका घरावर टाकू नये. ज्या शेळीनं अनेक वेतांत जुळी दिली आणि ती जगवली, तिचा निरोगी बोकड गावानं मिळून राखावा आणि दोन वर्षांनी शेजारच्या गावाशी बदलावा. उस्मानाबादी शेळीचं भवितव्य या निवडीवर ठरणार आहे.