सुजलेला गुडघा आणि शाळेचे मैदान
कबड्डीत चढाई करणारा खेळाडू वेगात वळतो. पाऊल मातीत रुतलेलेच राहते आणि गुडघा पिळवटतो. गुडघ्याच्या चार प्रमुख अस्थिबंधांपैकी आतील पुढचा तिरपा बंध अशा वेळी तुटू शकतो. काही तासांतच गुडघा सुजतो. क्ष-किरण चित्रात मात्र हाडे शाबूत दिसतात. कारण अस्थिबंध त्यात उमटत नाहीत. मग साधी लचक समजून गुडघा चोळला जातो, सूज ओसरते आणि मुलगा पुन्हा मैदानात उतरतो. सैल झालेला सांधा वारंवार निसटून त्यातील कूर्चेच्या चकत्याही फाटतात. अस्थिरोगतज्ज्ञाच्या अनुमतीवाचून अशा खेळाडूस संघात न घेण्याचा दंडक शाळांनी पाळावयास हवा.