दमानं : सावकाश धावण्यामागचे शास्त्र

सातारा-सांगलीकडे घाईने बाहेर पडणाऱ्या माणसाला घरातून मागून हाक येते, 'दमानं जा.' 'दम' हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ श्वास. दमाने जायचे म्हणजे श्वासाला सांभाळून जायचे. याच अर्थाने आपण वापरतो तो 'सावकाश' हा शब्द संस्कृतातला : स-अवकाश, म्हणजे ज्यात मोकळी जागा आहे असा. गंमत अशी, की मंद गतीचा थेट उल्लेख दोन्हींत नाही. एकात श्वास आहे, दुसऱ्यात जागा. लांब पल्ल्याच्या धावण्याविषयी गेल्या साठेक वर्षांत प्रशिक्षकांनी आणि शरीरशास्त्रज्ञांनी जे शोधून काढले, ते या दोन शब्दांच्या फार जवळचे आहे.

हा विषय आज घरोघरी पोहोचला त्याला कारण आहे. सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2012 मध्ये सुरू झाली आणि 2015 मध्ये एका डोंगरावर सर्वाधिक धावपटू धावल्याबद्दल तिची गिनेस बुकात नोंद झाली. अंतर 21.0975 किलोमीटर. शहरातून यवतेश्वराचा घाट चढायचा, कासच्या दिशेने जाऊन मागे वळायचे आणि त्याच वाटेने उतरायचे. या शर्यतीने साताऱ्यातच नव्हे, तर आसपासच्या जिल्ह्यांतही पहाटेचे रस्ते जागे केले. चाळिशी-पन्नाशीतले शिक्षक, वकील, बँकेतले कर्मचारी, सकाळचा डबा करून बाहेर पडणाऱ्या गृहिणी धावू लागल्या. यांतल्या बहुतेकांना शाळा सुटल्यापासून पळण्याचा सराव नव्हता.

मीही त्यांतलाच. सांगलीहून हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमापर्यंत जाणारा रस्ता ही माझी धावपट्टी. पहिले वर्षभर मी रोज कालच्यापेक्षा लवकर पोहोचायचे, एवढे एकच ध्येय ठेवले. छाती धपापली नाही तर व्यायाम झाला असे वाटत नसे. दहाव्या महिन्यात नडगीचे हाड दुखू लागले आणि दोन महिने घरी बसलो. मग वाचायला लागलो. आपण कमी मेहनत केली म्हणून नव्हे, तर रोज एकाच प्रकारची मेहनत केली म्हणून अडलो, हे तेव्हा कळले.

धावताना स्नायूंना इंधन दोन ठिकाणांहून मिळते : साठवलेल्या साखरेतून, म्हणजे ग्लायकोजेनमधून, आणि चरबीतून. ग्लायकोजेन झटपट वापरता येते, पण त्याचा साठा मर्यादित असतो. चरबी सडपातळ माणसाकडेही मुबलक असते. मात्र ती जाळायला भरपूर प्राणवायू आणि वेळ लागतो. वेग वाढला की शरीर अधिकाधिक साखरेकडे वळते. लॅक्टेट तयार होण्याचा वेग ते वापरले जाण्याच्या वेगापेक्षा वाढतो, श्वास तुटक होतो आणि आपण थांबतो. वेग बेताचा असेल तर चरबीचा वाटा वाढतो आणि हाच व्यवहार तासन्‌तास चालू शकतो.

या बेताच्या वेगाची सवय लागली की शरीर आतून बदलते. जॉन होलोझी या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1967 मध्ये उंदरांना काही आठवडे फिरत्या पट्ट्यावर धावायला लावून त्यांचे स्नायू तपासले. पेशींत प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांची, म्हणजेच मायटोकॉन्ड्रियांची, क्षमता जवळजवळ दुप्पट झालेली आढळली. माणसातही नियमित, दीर्घ धावण्याने हेच घडते. स्नायूंभोवती केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते. हाडे आणि स्नायुबंध मात्र या शर्यतीत मागे असतात. दम काही आठवड्यांत वाढतो. हाडांना आणि स्नायुबंधांना बळकट व्हायला महिने लागतात. नवा धावपटू जायबंदी होतो तो बहुधा याच अंतरात. छाती म्हणते पळ, नडगी म्हणते थांब.

प्रयोगशाळेच्या आधी हे मैदानावर कळले होते. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड ऑकलंडजवळच्या डोंगराळ रस्त्यांवर आपल्या शिष्यांना आठवड्याला शंभरेक मैल धाववत. त्यात रविवारी 22 मैलांची एक लांब फेरी असे. हा वेग रमतगमतचा नसे, पण दम कोंडणाराही नसे. आधी महिनोन्‌महिने हा पाया आणि शर्यत जवळ आली की वेगाचा सराव, असा त्यांचा क्रम होता. 2 सप्टेंबर 1960 रोजी रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या पीटर स्नेलने 800 मीटरचे आणि मरे हालबर्गने 5000 मीटरचे सुवर्णपदक जिंकले. दोन मिनिटांत संपणाऱ्या शर्यतीसाठी तासन्‌तास धावायचे, ही कल्पना तोवर बहुतेकांना विचित्र वाटत होती.

पुढे नॉर्वेत काम करणाऱ्या स्टीफन सायलर यांनी धावपटू, स्कीपटू, नाविक अशा निरनिराळ्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी पाहिल्या. त्यांना दिसले, की सुमारे 80 टक्के सराव सोप्या वेगाचा असतो आणि उरलेला खरोखर कठीण. मधला, ना धड सोपा ना धड कठीण असा वेग ही मंडळी फारशी वापरत नाहीत. आपण हौशी लोक नेमके तिथेच अडकलेले असतो. अर्थात, हे प्रमाण हौशी धावपटूला जसेच्या तसे लावावे का, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. आठवड्याला तीन तास धावणाऱ्याने पंधरा तास धावणाऱ्याची वाटणी उचलून चालत नाही. वेगाचा सराव नकोच, असेही कुणी म्हणत नाही. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर मॅरेथॉन धावत होत्या. तिथून त्या 3000 मीटर स्टीपलचेसकडे वळल्या आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत दहाव्या आल्या. वेग लागतोच, पण तो पेलायला खाली पाया लागतो.

मग सावकाश म्हणजे किती? सर्वांत सोपी कसोटी बोलण्याची आहे. धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या, तर वेग योग्य. दर दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर जास्त. 2 तास 20 मिनिटांत अर्धमॅरेथॉन पुरी करणारा शर्यतीत किलोमीटरला सुमारे 6 मिनिटे 38 सेकंद घेतो. त्याने रोजच्या धावण्यात पावणेआठ ते साडेआठ मिनिटे घ्यायला हरकत नाही. सांगलीच्या सपाटीवर हे जमते. साताऱ्यात घाट लागला की तोच वेग कठीण होतो, म्हणून तिथे घड्याळापेक्षा श्वासाचे ऐकावे. चढावर सरळ चालू लागण्यात कमीपणा नाही. सराव ऐन पावसाळ्यात करावा लागतो. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, शरीर तापते आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. अशा दिवशी वेग आणखी उतरवावा.

बोलण्याची ही कसोटी आपल्याकडे नवी नाही. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. लोणंदनंतर चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते आणि तरडगाव, फलटणमार्गे ती पुढे जाते. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्यांत सत्तरीतली माणसेही असतात आणि ती गात चालतात. वारी भक्तीसाठी असते, व्यायामासाठी नव्हे. पण गाता येईल इतक्याच गतीने चालल्यावर साधे शरीर किती लांब जाऊ शकते, हे ती दरवर्षी दाखवते.

खरी अडचण शरीराची नसून मनाची आहे. हळू धावताना मागून तरुण मुले पुढे जातात, ओळखीचे लोक 'काय, दमलात?' म्हणून विचारतात. फोनमधले ॲप आपला वेग मित्रांना दाखवते. मला हे सोसायला तीन महिने लागले. मग हळूहळू रस्ता दिसू लागला. कुठल्या शेतात हळदीची पाने वर आली, नदी कालच्यापेक्षा किती चढली, संगमेश्वराच्या देवळातली घंटा नेमकी किती वाजता ऐकू येते. सोबतच्या निवृत्त मास्तरांशी पूर्वी फक्त नमस्कार होत असे. आता साठ मिनिटांत त्यांचे अर्धे आयुष्य ऐकून झाले आहे.

त्यानंतरच्या वर्षी मी साताऱ्याला गेलो. यवतेश्वराच्या चढावर निम्मे अंतर चाललो, उतारावर धावलो आणि अडीच तासांहून थोड्या जास्त वेळात पोहोचलो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या कुरकुरल्या, पण नडगी दुखली नाही. बुधवारी पुन्हा हरिपूरच्या रस्त्यावर होतो. निघताना आईने नेहमीप्रमाणे हाक दिली, आणि या वेळी मी ती ऐकली.