मौन म्हणजे संमती नव्हे : शिक्षकाचे टिपण आणि स्वामित्वहक्क

मांजरसुंबा हे बीड जिल्ह्यातील चौफुलीचे गाव. बालाघाटच्या डोंगररांगेत, धुळे-सोलापूर महामार्गावर ते वसले आहे. येथून बीड, चौसाळा, पाटोदा आणि नेकनूरमार्गे केज-अंबाजोगाई अशा चार दिशांना रस्ते जातात. जवळच कपिलधारचा धबधबा आहे.

अशी कल्पना करू या, की येथील एका विज्ञानशिक्षिकेने कपिलधारच्या सहलीसाठी चार पानांचे टिपण तयार केले. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा कसा पसरला, बेसाल्टचे थर एकावर एक कसे साचले, पाणी कोणत्या थरातून झिरपते आणि कोणत्या थरावर अडते, हे त्यात आकृत्यांसह समजावले आहे. बाईंनी वर्गासाठी साठ झेरॉक्स प्रती काढल्या. पाठ्यपुस्तक साऱ्या राज्यासाठी असते. प्रत्येक गावचा डोंगर त्यात येऊ शकत नाही. तो वर्गात आणण्याचे काम गावच्या शिक्षकालाच करावे लागते.

आता यातली एक प्रत केजच्या एका शिक्षकाच्या हाती पडली. त्यांना वाटले, यात थोडा बदल करून आपल्या परिसरातील खडकांची माहिती घालावी आणि पुस्तिका छापून तालुक्यातील सर्व शाळांना वाटावी. पण टिपणावर ना लेखिकेचे नाव, ना परवानगीचा शब्द. मग त्यांनी काय करावे? या प्रश्नाचे उत्तर कायद्यात शोधू या.

हक्क कशावर असतो?

आपल्या देशात या विषयाचा कायदा १९५७ सालचा आहे. त्यानुसार लेख, आकृती, छायाचित्र किंवा चित्रफीत निर्माण होताच तिच्यावर स्वामित्वहक्क, म्हणजे कॉपीराइट, लागू होतो. नोंदणी करण्याची किंवा © हे चिन्ह छापण्याची अट नाही. म्हणजे बाईंच्या टिपणावर काहीही लिहिलेले नसले, तरी ते संरक्षित आहे.

मात्र हा हक्क मांडणीवर असतो, कल्पनेवर किंवा वस्तुस्थितीवर नाही. बेसाल्ट हा अग्निजन्य खडक आहे, हे वाक्य कोणाच्या मालकीचे नाही. लंबकाचा प्रयोग कोणीही आपल्या शब्दांत लिहावा, आपल्या हाताने त्याची आकृती काढावी. दुसऱ्याची वाक्ये आणि दुसऱ्याची आकृती उचलली, की हक्काचा प्रश्न येतो.

ग्रंथावरील हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांचे लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुले झाले. अंबाजोगाईच्या मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' तर पूर्वीपासूनच खुला आहे. पण त्याच्या आधुनिक आवृत्तीतील प्रस्तावना आणि टीपा नव्या संपादकाच्या असतात. त्यांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

वर्गात किती मोकळीक?

शिक्षकांना बरीच मोकळीक आहे. कायद्याच्या ५२व्या कलमानुसार शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात एखाद्या साहित्याची प्रत काढणे हा हक्कभंग ठरत नाही. परीक्षेच्या प्रश्नांत आणि उत्तरांत उतारा वापरण्यासही मुभा आहे.

या कलमाची कसोटी दिल्लीत लागली. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्स दुकानात अभ्यासक्रमानुसार पुस्तकांतील प्रकरणांचे संच करून विकले जात. ऑक्सफर्ड, केंब्रिज यांसारख्या प्रकाशकांनी २०१२ साली त्या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली दिलेल्या निर्णयाचा आशय असा, की किती पाने काढली यापेक्षा ती अध्यापनासाठी आवश्यक होती का, हे पाहावे. २०१७ साली प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

तेव्हा केजचे शिक्षक बाईंचे टिपण स्वतःच्या वर्गासाठी निःशंकपणे झेरॉक्स करू शकतात. परंतु त्यात बदल करून, पुस्तिका छापून तालुक्यात वाटणे हे या मुभेत बसेल असे धरून चालता येत नाही. 'आम्ही नफा घेत नाही' किंवा 'खाली मूळ लेखकाचे नाव दिले आहे' एवढ्याने परवानगीची गरज संपत नाही. श्रेय देणे हे सौजन्य आहे. परवानगी ही वेगळी गोष्ट आहे. व्यवहारात आपण मौनाला संमती समजतो, पण या कायद्यात मौनाचा अर्थ नकार असा होतो.

परवानगी आधीच देऊन ठेवावी

यावर सोपा उपाय आहे. कोणी विचारण्याआधीच लेखकाने टिपणावर परवानगी लिहून ठेवावी. यासाठी २००२ साली 'क्रिएटिव्ह कॉमन्स' या संस्थेने तयार परवाने प्रसिद्ध केले. हक्क लेखकाकडेच राहतो. त्यातला काही वापर तो सर्वांना खुला करतो. परवान्यांत चार शर्तींची वेगवेगळी जुळणी असते. श्रेयनिर्देश म्हणजे लेखकाचे नाव द्या. समान वाटप म्हणजे बदललेली आवृत्तीही याच शर्तीवर द्या. अव्यापारी म्हणजे धंद्यासाठी वापरू नका. बदलास मनाई म्हणजे आहे तसेच वाटा.

शेवटची शर्त मराठी शाळेच्या दृष्टीने अडचणीची आहे. भाषांतर हाही बदलच. म्हणून अशा साहित्याचे मराठी भाषांतर वेगळ्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. याउलट अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' प्रकल्पातील संगणकीय प्रयोग खुल्या परवान्याचे असल्याने त्यांतील अनेक आज मराठीत उपलब्ध आहेत. एनसीईआरटीने २०१३ साली सुरू केलेल्या शैक्षणिक साधनांच्या राष्ट्रीय भांडारातही असाच खुला परवाना स्वीकारला गेला. त्या कामात मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा सहभाग होता.

तीन दक्षता

पहिली, जे आपले नाही ते खुले करता येत नाही. टिपणात इंटरनेटवरून किंवा पुस्तकातून घेतलेले चित्र असेल, तर ते काढून आपली आकृती घालावी.

दुसरी, नोकरीचा भाग म्हणून नेमून दिलेले लेखन असेल, तर वेगळा करार नसताना त्याचा पहिला हक्क मालक संस्थेकडे जातो. अशा वेळी मुख्याध्यापकांमार्फत लेखी संमती घेणे बरे.

तिसरी, फुकट मिळणे आणि खुले असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात, पण त्यांचे सर्व हक्क मंडळाकडे राखीव असल्याचे पुस्तकातच छापलेले असते.

आम्ही संशोधन क्षेत्रात वावरतो. तिथे एकाने लिहिलेल्या निबंधावर दुसरा पुढचे काम उभारतो आणि मूळ लेखकाचे नाव नोंदवतो. शालेय टिपणांनाही असे दुसरे, तिसरे हात मिळायला हवेत. नाहीतर बाईंची बदली झाली, की कपिलधारची चार पाने कपाटात राहतात आणि नव्या शिक्षकाला पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी लागते.

म्हणून वाचक शिक्षकांना आमची विनंती आहे. आपल्या पुढच्या टिपणाच्या तळाशी नाव, गाव, वर्ष घालावे आणि लिहावे : 'हे टिपण कोणीही छापावे, वाटावे, बदलावे, त्याचे भाषांतर करावे, मूळ लेखकाचे नाव द्यावे आणि बदल केल्यास तसे नमूद करावे. परवाना : क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देश ४.०.' एवढे लिहिलेले असले, की मांजरसुंब्याचे टिपण चारही रस्त्यांनी निर्धास्तपणे जाऊ शकेल.