एका दिवसाच्या तिकिटावर

भाची लंडनला एमएस्सी करते. शनिवारी ती ज्या दुकानात काम करते, तिथल्या एक वयस्कर इंग्रज बाई कुणाबद्दल तरी म्हणाल्या, ‘तो पार डूलाली झालाय.’ म्हणजे डोकं फिरलंय. शब्द ओळखीचा वाटला, पण लागेना, म्हणून तिने रात्री फोन केला. मी म्हटलं, ‘अगं, तुझं आजोळच ते! देवळाली.’

मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे सोजीर देवळाली कॅम्पात महिनोन्‌महिने पडून असत. ऊन, ताप आणि रिकामपण यांनी काही जण भ्रमिष्ट होत. ‘देवळाली टॅप’ हा त्यांचाच शब्दप्रयोग, आणि त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. घराच्या ओढीने आलेल्या वेडाला इंग्रजीने नाशिकच्या एका गावाचं नाव दिलं.

या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेलो, तेव्हा आम्ही ब्रायटन गाठलं. परदेशी विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच कामाची मुभा, त्यात भाडं आणि किराणा. सहल परवडते ती सकाळी जाऊन रात्री परतायची. रेलकार्डावर तिला एक तृतीयांश सूट मिळते. गाडी व्हिक्टोरिया स्टेशनातून सुटते, तासाभरात समुद्र. याच व्हिक्टोरियावर १३ मार्च १९१० रोजी पॅरिसहून परतलेल्या विनायक सावरकरांना अटक झाली. देवळालीशेजारच्या भगूरचा हा मुलगा १९०६ मध्ये कायदा शिकायला आला आणि हायगेटच्या इंडिया हाउसमध्ये राहिला. १९०९ च्या जूनमध्ये थोरल्या भावाला, बाबारावांना, जन्मठेप झाली; ऑगस्टमध्ये सहकारी मदनलाल धिंग्रांना फाशी. त्या वर्षाच्या अखेरीस ब्रायटनच्या किनाऱ्यावर सावरकरांना ‘ने मजसी ने’ ही कविता सुचली, जी पुढे हृदयनाथांच्या चालीवर मंगेशकर भावंडांच्या आवाजात घरोघरी पोचली. सोबत होते बिपिनचंद्र पालांचे चिरंजीव निरंजन पाल. याच निरंजन पालांनी पुढे ‘अछूत कन्या’ची कथा लिहिली.

किनाऱ्यावर वाळू नाही, नुसते गोटे. लाट मागे सरते तेव्हा ते एकमेकांवर घासत खाली जातात आणि पोत्यातून हरभरे ओतल्यासारखा आवाज येतो. भाची बराच वेळ तो ऐकत बसली. मग म्हणाली, ‘मामा, शाळेत पाठ केली होती ना, तेव्हा मला जुहूचा समुद्र दिसायचा.’

तिथून आम्ही छत्रीकडे निघालो. माझ्या मते ब्रायटनला जाऊन छत्री न पाहणं ही चूक आहे. पॅचमजवळच्या टेकडीवर शेवटची वाट पायीच चढावी लागते. कडेने मेंढ्या चरतात. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी ब्रायटनच्या राजवाड्याचं इस्पितळ केलं होतं. दगावलेल्यांपैकी ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना या टेकडीवर अग्नी दिला, अस्थी समुद्रात सोडल्या. १९२१ मध्ये त्या जागी आठ खांबांची संगमरवरी छत्री उभी राहिली. आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुविशारदाचा. त्या ५३ जणांची नावं मात्र दगडावर कोरली गेली २०१० मध्ये. भाचीने ती एकेक करून वाचली, मोठ्याने.

इस्पितळात धर्म-जातीप्रमाणे नऊ वेगळी स्वयंपाकघरं होती. गोळ्या झेलून आलेल्यांचीही पंगत वेगळी. हे वाचलं आणि दुसऱ्या सुटीचं ठिकाण ठरलं: प्रिमरोज हिलजवळचं १०, किंग हेन्रीज रोड. चॉक फार्म स्टेशनवरून चालत जाता येतं. १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना बाबासाहेब आंबेडकर या घरात राहत. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतलं. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लिहिणारा हा विद्यार्थी दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी २ मार्च १९३० ला नाशिकमध्ये सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचा नेता झाला. त्याच वर्षी ते गोलमेज परिषदेसाठी पुन्हा लंडनला आले, तेव्हा नाशिकच्या मंदिराचा दरवाजा बंदच होता.

काळारामाचं मंदिर भाचीच्या पंचवटीतल्या घरापासून दहा मिनिटांवर. लहानपणापासून ती पूर्वदाराने आत जात आलेली. बाबासाहेबांच्या त्या घरासमोर उभी राहून तिने आईला व्हिडिओ कॉल लावला, फोन फिरवून दारावरची पाटी दाखवली आणि म्हणाली, ‘आई, उद्या देवळात जाशील तेव्हा पूर्वेच्या दाराचा एक फोटो काढून पाठव.’