कळ एकीकडे, मूळ दुसरीकडे

कांद्याची काढणी, टोमॅटोची तोडणी, पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात चिखलात वाकून केलेली भातलावणी. जुन्नर-आंबेगावातील ज्येष्ठांच्या कंबरा-खांद्यांनी हे वर्षानुवर्षे सोसलेले असते. मंचर किंवा नारायणगावच्या दवाखान्यात गेल्यावर ते दुखऱ्या पायावर बोट ठेवतात. तपासणारा मात्र कुल्ल्यावर दाबून पाहतो. आजींना वाटते, याला आपले दुखणे समजलेच नाही. अशा वेळी भिंतीवरचा स्नायूंचा तक्ता उपयोगी पडतो.

या तक्त्यावर मानवी आकृतीत स्नायू रेखाटलेले असतात. फुलीची खूण म्हणजे स्नायूतील ताठरलेली, दाबल्यावर दुखणारी जागा, म्हणजेच ट्रिगर पॉइंट. लाल ठिपक्यांचा भाग म्हणजे तेथून निघालेली कळ जिथे जाणवते ती जागा. दोन्ही पुष्कळदा एकत्र नसतात. कुल्ल्याच्या खोल स्नायूतील कळ पायाच्या बाहेरच्या बाजूने घोट्यापर्यंत उतरते आणि सायटिकाच वाटते. खांद्याच्या फऱ्यावरील स्नायू खांद्याच्या पुढच्या भागात दुखतो, मानेलगतचा कानशिलात, पोटरीचा टाचेत. हे नकाशे प्रामुख्याने डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल आणि डॉ. डेव्हिड सायमन्स यांच्या 1983 च्या ग्रंथामुळे सर्वत्र पोहोचले. ट्रॅव्हेल या पाठदुखीने त्रस्त असलेल्या राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या वैद्य होत्या.

तक्ता पाहताना एक गोष्ट ज्येष्ठांना हमखास गोंधळात टाकते. समोरून काढलेल्या आकृतीचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो. म्हणून तक्त्यावर बोट दाखवून थांबू नये. तीच जागा त्यांच्या अंगावर हळूच हात ठेवून दाखवावी. चष्मा लावलेला असावा, तक्ता बसल्या जागेवरून दिसावा. स्नायूंची अवघड नावे पाठ करण्याची मुळीच गरज नाही. ‘मी दाबल्यावर येते ती हीच का तुमची नेहमीची कळ?’ हा प्रश्न त्याहून मोलाचा. उत्तर ‘होय’ आले, की माणसाचा चेहराच सैलावतो. हाड मोडले नाही, नस तुटली नाही, हे त्याला स्वतःच्या अंगावर पटते.

मात्र फुली म्हणजे पक्का पत्ता नव्हे. या गाठी नेमक्या कशा बनतात, यावर तज्ज्ञांतही मतभेद आहेत. तक्ता समजावण्यासाठी आहे, घरबसल्या निदान करण्यासाठी नाही. छातीच्या स्नायूची कळही डाव्या हातात उतरते, हे त्यावर दिसते. पण छातीत दुखून घाम किंवा धाप लागली, तर तक्त्याकडे न पाहता 108 ला फोन करावा. एकाच पोटरीला सूज व उष्णता असेल, पायातील बळ गेले असेल, लघवीवरचा ताबा सुटला असेल किंवा पडल्यानंतर दुखू लागले असेल, तर चोळणे-दाबणे टाळून तत्काळ डॉक्टरांना दाखवावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांना, ठिसूळ हाडे असणाऱ्यांना जोराने दाबू नये.

एरवी कोमट शेक, सोसेल इतका हलका दाब आणि त्यानंतर सावकाश ताण, एवढ्यानेही बऱ्याच जणांना आराम पडतो. मधुमेहामुळे पाय बधिर असतील, तर शेकाची ऊब आधी काळजीवाहकाने आपल्या हातावर पाहावी.

पुढच्या भेटीपूर्वी कोऱ्या कागदावर पुढून व मागून अशा दोन साध्या आकृत्या काढाव्यात. जिथे दुखते तिथे आजोबांनाच लाल पेन्सिल फिरवू द्यावी, शेजारी दुखण्याची वेळ लिहावी आणि तो कागद गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर न्यावा.