पेडलबोर्ड की प्रोसेसर? मामाला विचारा!

अप्रेझल झालं, बोनस खात्यात पडला आणि आयुष्यातला सगळ्यात गहन प्रश्न समोर उभा राहिला. लग्न कधी, हा नव्हे. तो आईचा प्रश्न! माझा प्रश्न होता, गिटारसाठी पेडलबोर्ड घ्यायचा की प्रोसेसर?

हसू नका. सोमवार ते शुक्रवार अंधेरीत एक्सेल शीट आणि शनिवारी बँड, अशी दुहेरी जिंदगी जगणाऱ्यांना हे दुखणं कळेल. त्यात गेल्या गिगला माझी पुरती शोभा झाली होती. मित्राकडून उसना आणलेला प्रोसेसर. क्लीन आवाजाचा पॅच एक नंबरवर, सोलोचा पाच नंबरवर. सोलो आला, मी धडाधड पाय मारत सुटलो आणि मधल्याच कुठल्या तरी पॅचवर अडकलो. सोलो वाजला, पण पाण्याखालून! आमची सिंगर स्टेजवर हसली आणि खाली उतरल्यावर म्हणाली, "पुढच्या गिगपर्यंत हे सुटलं नाही, तर आम्ही दुसरा गिटारिस्ट बघतो." ती मस्करी करत नव्हती.

तर मंडळी, आधी थोडा अभ्यास.

एक डबा, एक काम

पेडल म्हणजे पायानं दाबायचा छोटा डबा. एक डबा आवाज फाडतो (ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन), दुसरा आवाजाचा प्रतिध्वनी देतो (डिले), तिसरा तो मोठ्या हॉलमध्ये नेऊन ठेवतो (रिव्हर्ब). १९६२ मध्ये माएस्ट्रो फझ-टोन बाजारात आला आणि १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'नं त्याला घराघरात पोचवलं. १९७७ मध्ये बॉसनं छोटी, एका पायात मावणारी पेडलं काढली. त्याच आकाराचे डबे आजही विकले जातात.

हे डबे पट्टीवर ओळीनं लावले, की झाला पेडलबोर्ड. पण ओळ महत्त्वाची! डिस्टॉर्शन आधी आणि डिले नंतर ठेवला, तर फाटलेल्या आवाजाचे स्वच्छ पडसाद मिळतात. उलट केलं, तर पडसादच फाटतात आणि सगळ्याचा लगदा होतो. (काहींना तो लगदाच आवडतो. त्यांना नमस्कार.)

फायदा काय? प्रत्येक बटण डोळ्यांसमोर. आवाज टोचतोय? वाका, टोन कमी करा, काम झालं. एक डबा बिघडला तर तेवढाच काढून ठेवायचा. तोटा? खर्च डब्यांवर थांबत नाही. पॅच केबली, पट्टी, बॅग आणि पॉवर सप्लाय. एकाच अडॅप्टरवरून सगळ्यांना माळेसारखी वीज दिली, तर घूंऽऽ असा हम येऊ शकतो, विशेषतः डिजिटल डिले त्याच माळेत असेल तर. मग प्रत्येक डब्याला स्वतंत्र लाइन देणारा सप्लाय घ्या. बोनस संपला!

सगळ्यांचा बाप, एकच डबा

प्रोसेसर म्हणजे मल्टि-इफेक्ट्स. गिटारचा सिग्नल आकड्यांत बदलायचा, आत चिपवर हवा तसा शिजवायचा आणि परत आवाज करून बाहेर सोडायचा. १९९८ मध्ये लाइन ६ कंपनीचा पॉड आला आणि अँपची नक्कल एका घेवड्याच्या आकाराच्या डब्यात मावली. २०११ मध्ये केम्परनं खऱ्या अँपचा 'फोटो' काढून तो साठवायची सोय केली. आज मधल्या किमतीच्या प्रोसेसरमध्येही डझनावारी इफेक्ट्स, अँप, स्पीकर, ट्यूनर सगळं असतं. हेडफोन लावून रात्री दोन वाजता वाजवा, शेजारच्या काकू तक्रार करणार नाहीत. अनेक मॉडेल्स यूएसबीनं लॅपटॉपला जोडून थेट रेकॉर्डिंग करता येतं. वन-बीएचकेमध्ये राहणाऱ्यांसाठी वरदानच.

पण एक गोम आहे. हेडफोनवर हळू आवाजात बनवलेला पॅच स्टेजवर तसाच ऐकू येत नाही. हळू आवाजात आपल्या कानाला बेस आणि अगदी वरचे सूर कमी जाणवतात, म्हणून आपण ते वाढवून ठेवतो. स्टेजवर तेच अंगावर येतात आणि गिटारचा मधला, खरा आवाज ड्रम्सखाली गाडला जातो. आणि मग वाकून मेनूत शिरायचं, गाणं चालू असताना!

आठवडाभर मी याच पेचात. शेवटी सुट्टी टाकली, कोकणकन्या पकडली, सावंतवाडीला उतरलो आणि एसटीनं आजोळी आरोंद्याला.

खाडीकाठचा एक्सपर्ट

आरोंदा म्हणजे तेरेखोलची खाडी, माड, ताजे मासे आणि पलीकडे गोवा. मामा दशावतारात पेटी वाजवतो. साधी नव्हे, पायपेटी! पॅरिसच्या अलेक्झांद्र दबॅंनं १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं, तीही पायानंच हवा भरायची होती. पायानं भाता चालतो म्हणून दोन्ही हात सुरांना मोकळे. म्हणजे आमच्या घराण्यात पेडल माझ्याआधीच होतं की!

रात्री जेवणानंतर मामाला सगळी रामकहाणी सांगितली. यूट्यूबवर पेडलबोर्ड दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला.

"मगे? ह्या सगळा तू पायान दाबतलंस?"

मग त्यानं स्वतःची गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी त्याचे गुडघे गेले. डॉक्टरनं पायपेटी बंद करायला सांगितलं. चुलतभावानं कीबोर्ड आणून दिला. वजनाला हलका, आवाज शेकडो, सूर कधी उतरत नाही. मामाला तो खरंच आवडला होता. जत्रेत घेऊन बसला. पण दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट तिथल्या तिथे बोलतात. कोण कधी थांबेल, कोण कधी गर्जेल, पत्ता नाही. पायपेटीवर अशा वेळी पाय जोरात मारला की आवाज उसळतो. कीबोर्डवर बटण शोधावं लागलं.

"राक्षस भायर इलो, तरी माका बटान गावाक नाय!" मामा हसला. मग हसू आवरून म्हणाला, "त्या रात्री वाटला, आता आपला संपला."

संपलं नाही. आता नाटकाचा पूर्वार्ध मामा पायपेटीवर वाजवतो, मध्यरात्रीनंतर वाडीतला एक मुलगा बसतो. आणि कीबोर्ड? तालमीला. नवी चाल शिकवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, असं मामाच सांगतो.

झोपायला उठताना त्यानं निकाल दिला. "ज्या मधीच बदलूचा लागता, त्या पायाखाली ठेव. बाकीचा डब्यात घाल."

हिशेब

परतीच्या गाडीत मी वहीत दोन रकाने केले. आमची वीस गाणी ठरलेली. कुठल्या गाण्याला कुठला डिले, कुठला रिव्हर्ब, हे कधी बदलत नाही. ते प्रोसेसरनं सांभाळावं. पण सोलोला आवाज किती फाडायचा, किती उचलायचा, हे त्या रात्रीच्या गर्दीवर ठरतं. ते पायाखाली हवं, स्वतःच्या बटणासकट.

म्हणून घेतला मधल्या किमतीचा एक प्रोसेसर आणि त्याच्या आधी जोडलं कॉलेजातलं जुनं ओव्हरड्राइव्ह पेडल. पॅच हेडफोनवर न बनवता रिहर्सल रूममध्ये, ड्रम्स चालू असताना बनवले. ते वाजवायच्या क्रमानं लावले. उरलेल्या पैशांत? दर बुधवारी रिहर्सल रूमचे दोन तास जास्त. तुम्हीही घेण्याआधी हे दोन रकाने करून बघा. सगळं ठरलेलंच वाजवत असाल तर प्रोसेसर, ऐनवेळी सुचेल ते वाजवत असाल तर पेडलं, आणि बहुतेकांसारखे मधले असाल तर माझ्यासारखी खिचडी.

गेल्या शनिवारी गिग झाला. सोलो आला, मी एकदाच पाय मारला आणि आवाज उसळला. सिंगरनं वळून बघितलं. या वेळी हसली नाही, फक्त मान डोलावली.

मामाला फोन केला, तर तो म्हणाला, "बरा झाला. आता वाजवूक शीक!"